कोरड्या मनाचं पाणी

ब्रह्मा घाटावरच्या शरदिनीबाई आठल्ये यांचं महादेवाशी बिनसलंय, ही गोष्ट मोहल्ल्यातल्या मराठी घरांना फार उशिरा कळली. तोवर बारा वर्षं उलटून गेली होती. या बारा वर्षांत बाई रोज सकाळी तांब्याभर गंगा घेऊन घाटाच्या पायऱ्यांवरच्या छोट्या देवळात जात, पिंडीवर पाणी घालत, बेल वाहत, आणि घरी येऊन पोळीभाजीचा डबा भरून शाळेत मुलींना गणित शिकवायला जात. बघणाऱ्याला वाटे, काय ही निष्ठा! निष्ठा होतीच. तिच्यात गोडवा तेवढा नव्हता. वर्षानुवर्षं एकमेकांशी अवाक्षर न बोलता एका ताटलीतली भाजी वाढून घेणारी नवराबायको असतात ना, तसं त्या दोघांचं चाललं होतं.

देऊळ म्हणजे तरी काय, आत दोन माणसं गेली की तिसऱ्यानं बाहेर उभं राहायचं. आठल्यांचे कुणी पूर्वज कोकणातून वेद शिकायला काशीला आले आणि इथलेच होऊन गेले. त्यांनी ही पिंडी बसवली आणि घराला एक नेम घालून दिला. सूर्य वर यायच्या आत आठल्यांच्या थोरल्या सुनेनं घरच्या तांब्याच्या तांब्यातून गंगा आणून महादेवाला घालायची. तो तांब्या एका बाजूला चेपलेला होता. कधी चेपला, कुणी पाडला, यावर घरात चार निरनिराळ्या कथा होत्या, आणि प्रत्येकीत दोष दुसऱ्याच कुणाचा तरी होता. बायकांच्या अडचणीचे चार दिवस धाकट्या पातीतला नीलकंठ पाणी घाली. तो शरदिनीबाईंचा चुलत दीर, बँकेत कारकून आणि जात्याच भाविक. शंकराचं नाव निघालं तरी त्याचे डोळे भरत. त्यात ढोंग नव्हतं, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढे त्याच्यावर अन्याय व्हायचा.

शरदिनीबाई मध्य प्रदेशातल्या सागरच्या. बावन्न साली, एकोणिसाव्या वर्षी, लग्न होऊन काशीत आल्या. सासूबाईंनी, आनंदीबाईंनी, दुसऱ्याच वर्षी तो तांब्या त्यांच्या हाती दिला. पहिली तेरा वर्षं कशी गेली ते त्यांना सांगता येत नसे. पाण्याची धार पिंडीवर पडली की अंगावर काटा येई, आणि देवळातून बाहेर पडल्यावर घाटावरचा भिकारीसुद्धा घरचा वाटे. आपण कुणाला तरी हवे आहोत आणि तो आत आपली वाट बघत बसलाय, असं त्यांना रोज वाटायचं. यापरतं सुख त्यांना ठाऊक नव्हतं.

मग सहासष्ट साली, श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी, त्यांनी पाणी घातलं आणि काहीच झालं नाही. घरात कुणी गेलं नव्हतं. भांडण, आजारपण, काही म्हणता काही नव्हतं. दगडावर पाणी पडलं आणि पन्हळीतून वाहून गेलं. बाईंना वाटलं, रात्री झोप नीट झाली नसेल. दुसऱ्या दिवशीही तेच, दिवाळीलाही तेच. महाशिवरात्रीला अख्खी काशी वेडी झाली होती, आणि शरदिनीबाई पिंडीसमोर बसून उद्या सातवीला अपूर्णांक घ्यावेत की त्रैराशिक, याचा विचार करत होत्या.

शेवटी त्यांनी नवऱ्याला सांगितलं. विष्णुपंत मोगलसरायला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होते. रोज सकाळची गाडी धरायची, संध्याकाळी परत यायचं, आणि मधल्या वेळात कुणाच्या अध्यात ना मध्यात.

"अगं, मला तर कधीच काही वाटलं नाही," ते बुटाची नाडी बांधत म्हणाले. "मी समजत होतो, ते बायकांनाच वाटतं."

या माणसाशी पुढे बोलण्यात अर्थ नव्हता. मग त्या प्रल्हादशास्त्र्यांकडे गेल्या. शास्त्रीबुवा म्हणजे ब्रह्मा घाटावरच्या मराठी घरांचं हायकोर्ट. बारशाच्या मुहूर्तापासून भाऊबंदकीपर्यंत त्यांचा शब्द अखेरचा. बाईंनी त्यांना एका मैत्रिणीचं म्हणून सगळं सांगितलं. मैत्रीण कोण, हे शास्त्रीबुवांनी विचारलं नाही.

"तिच्या हातून काही तरी चुकलं असेल. आठवून बघायला सांगा," ते म्हणाले.

शरदिनीबाईंनी महिनाभर आठवलं. एका एकादशीला चुकून साबुदाण्याच्या खिचडीत हळद पडली होती. एकदा आदल्या दिवशीचा बेल वाहिला होता. सासूबाईंना मनातल्या मनात बरंच काही म्हटलं होतं, पण ते कुणी म्हटलं नाही? आठवता आठवता एके दिवशी त्यांच्या डोक्यात तिडीक गेली. वर्गातल्या मुलीचं उत्तर चुकलं तर त्या लाल शाईनं खूण करत आणि समासात बरोबर उत्तर लिहीत. नुसती वही फेकून तोंड फिरवून बसणारी मास्तरीण त्यांनी एक दिवस शाळेत टिकू दिली नसती.

दुसऱ्या दिवशी त्या देवळात गेल्या. तांब्या खाली ठेवला आणि पिंडीला स्पष्ट सांगितलं, "माझं चुकलं असेल तर सांग. सांगायचं नसेल तर नको सांगूस. पण तू बोलला नाहीस म्हणून मी यायची थांबेन असं तुला वाटत असेल, तर तू मला ओळखलं नाहीस. मी रोज येणार. बघू कोण आधी कंटाळतं."

आणि पाणी घातलं. त्या दिवसापासून पूजेला एक नवा पीळ आला. पहाटेच्या थंडीत, पायऱ्यांवरच्या शेवाळातून, अंगात कणकण असली तरी बाई जात. प्रेमानं जात होत्या असं म्हणवत नाही. हट्टानं जात होत्या. नेमाला मात्र त्यांनी कुठे खोट येऊ दिली नाही. बेल धुतलेला, गंध घट्ट उगाळलेलं, आणि तांब्या चिंचेनं असा घासलेला की त्यात तोंड दिसावं.

हे असंच आयुष्यभर चाललं असतं. पण अठ्ठ्याहत्तरच्या श्रावणात बाईंनी एक चूक केली. त्या खरं बोलल्या.

श्रावणी सोमवारी संध्याकाळी शास्त्रीबुवांच्या दिवाणखान्यात सगळी मराठी घरं जमत. भजन होई, आणि मग एकेकानं आपापला अनुभव सांगायचा. कुणाला स्वप्नात त्रिशूळ दिसे, कुणाच्या हरवलेल्या बांगड्या नामस्मरणानं सापडत. महादेवाचा तांब्या ज्या घरात, त्या घरच्या बाईनं शेवटी बोलायचं, असा प्रघात होता. शरदिनीबाईंनी बारा वर्षं हा प्रसंग हुशारीनं टाळला होता. त्यांची वेळ आली की त्या पंचामृत वाटायला उठत, आणि पंचामृतापुढे अनुभवाला कोण विचारतो? त्या सोमवारी मात्र शास्त्रीबुवांच्या सुनेनं पंचामृत आधीच वाटून टाकलं होतं.

त्यांच्या आधी नीलकंठ बोलला. चार दिवस पाणी घालायला मिळतं, तेवढ्यावर माझा महिना निघतो, असं म्हणता म्हणता तो हुंदके देऊ लागला. खोलीतल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मग सगळ्यांचे चेहरे शरदिनीबाईंकडे वळले. एखादी गोष्ट रचून सांगणं त्यांना जड नव्हतं. पण शेजारी नीलकंठ खरोखरचं रडत असताना त्याच्या बाजूला आपलं खोटं मांडायचं, हे त्यांच्या जिवावर आलं.

"मला काही होत नाही," त्या म्हणाल्या. "बारा वर्षं झाली. पाणी घालते आणि घरी येते."

बाहेर गल्लीत एक सायकल घंटी वाजवत गेली, ती सगळ्यांना ऐकू आली. शास्त्रीबुवांना बहुधा ती बारा वर्षांपूर्वीची मैत्रीण आठवली असावी, कारण त्यांनी मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी नीलकंठ घरी आला. बसला, पाणी प्यायला, आणि हात जोडून म्हणाला, "वहिनी, राग मानू नका. रात्रभर परेशान आहे मी. कोरड्या मनाचं पाणी महादेवाला चालत नाही. तांब्या मला द्या. मी रोज मनापासून घालीन."

"आणि मी काय करू, भाऊजी?"

"तुम्ही आराम करा. बारा वर्षं नुसता भारच तर वाहिलात."

हे तो कळवळून बोलला आणि म्हणूनच बाईंना ते जास्त लागलं. प्रकरण शास्त्रीबुवांकडे गेलं. त्यांनी दोन्ही बाजूंचं ऐकून घेतलं आणि एक तोडगा काढला. शरदिनीबाईंनी घरचे देव पाण्यात घालावेत. आमचा भाव आम्हाला परत दे, तोवर तुला पाण्याबाहेर काढत नाही, असं साकडं घालावं. घटस्थापनेपर्यंत वाट बघू. भाव परत आला तर तांब्या त्यांच्याकडे, नाहीतर नीलकंठाकडे.

"माझ्या डोळ्यांना पाणी यावं म्हणून देवाला पाण्यात कोंडून ठेवू?" शरदिनीबाई म्हणाल्या. "ते नाही जमायचं, शास्त्रीबुवा. त्याला बोलायचं नसेल तर तो नाही बोलणार. मी त्याच्या तोंडात बोट घालून बोलवणार नाही."

"मग तांब्या जाईल," शास्त्रीबुवा म्हणाले.

"घटस्थापनेला अजून दीड महिना आहे," बाई म्हणाल्या आणि चपला घालून निघाल्या.

देव पाण्यात घालायला बाईंनी नकार दिला, पण गंगेला कोण विचारणार? त्याच भाद्रपदात काशीला पूर आला. गंगा रोज दोन-दोन, तीन-तीन पायऱ्या चढू लागली. आधी देवळाचा उंबरा गेला, मग दार, मग कळस, आणि एका सकाळी गल्लीच्या तोंडाशी उभं राहिलं तर समोर नुसतं तांबडं पाणी, त्यात वाहत आलेली झाडं आणि कुणाच्या तरी गोठ्याचं छप्पर. खालच्या घरांतली माणसं सामानसुमान घेऊन वरच्या मजल्यांवर गेली.

नीलकंठ आला, पाण्याकडे बघून त्यानं हात जोडले. गालांवरून आसवं ओघळत होती.

"गंगामाईनं देवाला कुशीत घेतलंय, वहिनी. आता आपल्या तांब्याचं काय काम? घरी बसून मानसपूजा करावी."

शास्त्रीबुवांचाही तोच निर्णय होता. शास्त्राला धरूनच होता. सगळ्यांनी देवघरासमोर बसून डोळे मिटले आणि मनातल्या मनात अभिषेक केला. शरदिनीबाई तांब्या घेऊन गल्लीच्या तोंडाशी गेल्या. देऊळ कुठे आहे ते त्यांना पाठ होतं. वळणावरच्या भिंतीतल्या गणपतीपासून सरळ खाली, बेचाळिसावी पायरी. शेवटच्या कोरड्या पायरीवर बसून त्यांनी तांब्या गंगेत बुडवला, उठून उभ्या राहिल्या, आणि बेचाळिसाव्या पायरीच्या दिशेनं तोंड करून तोच तांब्या गंगेत ओतला. वर एक बेल सोडला. तो गरगरत राजघाटाकडे निघून गेला.

शेजारी एका मल्लाहानं नाव खिडकीच्या गजाला बांधली होती. तीन दिवस त्यानं हा प्रकार बघितला आणि चौथ्या दिवशी त्याला राहवलं नाही.

"माई, गंगा में गंगा डालत हऊ?"

"हाँ भइया. गंगा ने अपना डाल दिया. हमारा बाकी है," शरदिनीबाई म्हणाल्या.

आता इथे वाचकाला वाटेल, पुराच्या त्या तांडवासमोर उभं असताना बाईंच्या मनाचा बांध फुटला असेल. नाही फुटला. पाय ओले झाले, पदर भिजला. महादेवाच्या बाजूनं एक अक्षर आलं नाही. बाई रोज ओतत राहिल्या, रोज रिकामा तांब्या घेऊन परत आल्या, आणि जिना चढताना रोज म्हणाल्या, ठीक आहे, बुडालास तरी सुटका नाही.

पाणी ओसरलं तेव्हा देऊळ छतापर्यंत गाळानं भरलं होतं. शरदिनीबाईंनी शाळेतून रजा घेतली, पदर खोचला आणि घमेलं उचललं. विष्णुपंतांनी पहिल्यांदाच मोगलसरायची गाडी चुकवली आणि फावडं हातात घेतलं. दुसऱ्या दिवशी नीलकंठही आला, मग मोहल्ल्यातली आणखी माणसं आली. पाचव्या दिवशी फावड्याला दगड लागला. नीलकंठानं गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी चिखल उपसला आणि पिंडीला मिठी मारून लहान मुलासारखा रडला. बाईंनी पितळी बादलीनं गंगा आणून पिंडी धुतली. मग नखांनी तिच्या खाचेतला गाळ काढला, कारण तो वाळला असता तर पाण्याची वाट अडली असती.

घटस्थापनेला सकाळी सगळे देवळापाशी जमले. शास्त्रीबुवा थकले होते. इतकं सगळं बघितल्यावर या बाईकडून तांब्या काढून घेणं त्यांच्या जिवावर आलं होतं, हे त्यांच्या विचारण्यावरूनच कळत होतं.

"शरदिनीबाई, पुरात तुम्ही एक दिवस चुकला नाहीत. पिंडी सापडली, तेव्हा काहीतरी वाटलंच असेल. थोडंसं?"

एक हो म्हटलं की तांब्या राहत होता. सगळ्यांना त्यांनी हो म्हणावं असंच वाटत होतं, नीलकंठालासुद्धा.

"गाळ फार आहे, असं वाटलं," शरदिनीबाई म्हणाल्या. "बाकी काही नाही."

शास्त्रीबुवांनी तांब्या त्यांच्या हातून घेतला आणि नीलकंठाच्या हातात दिला.

घरी आल्यावर शरदिनीबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून रडल्या. बारा वर्षांत डोळ्यांना आलेलं हे पहिलं पाणी, आणि तेही एका चेपलेल्या तांब्यासाठी! याचा त्यांना स्वतःचाच संताप आला. त्यांची लेक लतिका कॉलेजात होती. घरात आईशी मराठी आणि चिडली की हिंदी, असा तिचा रिवाज होता.

"आई, ज़रा-सा झूठ बोल देतीं तो क्या बिगड़ जाता?"

"उद्या आत जाऊन त्याला काय तोंड दाखवलं असतं?" बाईंनी डोळे पुसले. "आमच्यात अबोला आहे, लतिका. फसवाफसवी नाही."

"उद्या? कल फिर जाओगी?"

बाई दुसऱ्या दिवशी गेल्या. शाळेत पाणी प्यायला त्या एक स्टीलचा लोटा नेत, तोच घेतला. देवळात नीलकंठाचा अभिषेक चालला होता. आवाज गोड होता आणि घाटभर घुमत होता. तो संपेपर्यंत त्या बाहेर उभ्या राहिल्या आणि मग आत शिरल्या. नीलकंठ गडबडला.

"वहिनी, पण ठरलं होतं ना..."

"तांब्याचं ठरलं होतं. तो तुमचा. काशीत महादेवावर लोटाभर पाणी घालायला कुणाची परवानगी लागते, ते मला सांगा."

नीलकंठानं सरकून जागा करून दिली. वाटेनं जाणारा हमालसुद्धा घालतो, मग शरदिनीबाईंना कोण अडवणार? तेव्हापासून आधी नीलकंठ आणि मागून बाई, असा क्रम पडला. थोरल्या सुनेचा मान गेला होता, आणि पायऱ्या उतरताना तो गेल्याची जाणीव रोज टोचत होती. पण पाणी काही चुकलं नाही.

आश्विन गेला, कार्तिक गेला. मार्गशीर्षात बाईंच्या कानांनी एक गोष्ट टिपली. नीलकंठाचं स्तोत्र म्हणणं आखडत चाललं होतं. आधी एखादं कडवं गळलं, मग आवाज घाटापर्यंत येईनासा झाला, मग तो नुसता पुटपुटू लागला. अभ्यास सोडलेली मुलगी मास्तरणीला पाठमोरीसुद्धा ओळखू येते. बाईंनी ओळखलं, पण त्या काही बोलल्या नाहीत. महिन्यातून चार दिवस पाहुणा म्हणून येणं वेगळं आणि रोज नांदणं वेगळं, हे ज्याचं त्यानंच शिकायचं असतं.

पौषातल्या एका सकाळी धुकं इतकं होतं की गंगा आहे हे नुसत्या आवाजावरून कळत होतं. बाई खाली आल्या तर नीलकंठ देवळाच्या पायरीवर बसलेला. भरलेला तांब्या मांडीवर, कानाला मफलर, आणि चेहरा असा की घरात कुणी गेलंय की काय असं वाटावं.

"काय झालं, भाऊजी?"

"काहीच होत नाही, वहिनी," तो म्हणाला. "आठ दिवस झाले. रुद्र म्हणून बघितला, उपास करून बघितला. आत जातो तर दगड दिसतो. कसं घालू? मीच म्हणालो होतो, कोरड्या मनाचं पाणी त्याला चालत नाही."

"म्हणाला होतात."

"आठ दिवसांत जीव नकोसा झालाय मला. तुम्ही बारा वर्षं कशी काढलीत?"

"रागात," शरदिनीबाई म्हणाल्या. त्यांना हसू आलं, आणि त्याचबरोबर या रडव्या दिराबद्दल आयुष्यात पहिल्यांदा पोटातून माया वाटली.

नीलकंठानं तांब्या पुढे केला. "हा घ्या. तुमचा आहे. मी शास्त्रीबुवांना आजच सांगतो."

बाईंनी तांब्याकडे बघितलं. घासायला झाला होता. तो हवा होता त्यांना, फार हवा होता, आणि हात जवळजवळ पुढे गेलाही होता. पण मग त्यांनी नीलकंठाच्या चेहऱ्याकडे बघितलं.

"राहू दे तुमच्याकडे. आज हा माझ्या हातात दिलात, तर उद्यापासून रजई ओढून पडून राहाल आणि मानसपूजा कराल. उठा."

"पण खोटं होईल ना ते, वहिनी?"

"भाव आलाय असं म्हणालात तर खोटं. पाणी घालण्यात काय खोटं? पाणी खरंच आहे, थंडीसुद्धा खरीच आहे. उठा, मला शाळेला उशीर होतोय."

दोघं आत गेले. तिसरं माणूस मावलं नसतं. नीलकंठानं तांब्या ओतला, बाईंनी लोटा ओतला. दगडावर पाणी पडलं आणि पन्हळीतून वाहून गेलं. नीलकंठ बराच वेळ पिंडीकडे बघत राहिला.

"काही नाही," तो हळूच म्हणाला.

"नसेलच. उद्या पण याच वेळी. दुसरा मफलर आणा, हा ओला झालाय."

तो पायऱ्या चढू लागला तशा शरदिनीबाई मागे थांबल्या. त्यांनी पिंडीवरचा बेल सरळ केला आणि मागच्या बाकावरच्या मुलींसाठी राखून ठेवलेल्या आवाजात म्हणाल्या, "आणखी एकाला घेऊन आलेय. आता दोघांशी अबोला धरून दाखव."